शस्त्रक्रियागृहातील सुरक्षितता आणि आपण
(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



संस्थेच्या कार्यकर्त्यांनी बोलावले तेव्हा आम्ही आधी नकारच दिला होता. आम्ही ऑपरेशन थिएटरमध्ये नोकरी केलेल्या परिचारिका. तोंडाला मास्क बांधून आयुष्य गेले, भाषणाची सवय नाही. पण कार्यकर्ते म्हणाले, "डॉक्टर मंडळी नेहमीच येतात. यंदा आतली बाजू तुम्ही सांगा." म्हणून उभ्या राहिलो आहोत. काही चुकले तर सांभाळून घ्यावे.

घरात कुणाचे ऑपरेशन ठरले की आपण दोन प्रश्न विचारतो : डॉक्टर कोण आणि खर्च किती? दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. पण आत एकटे डॉक्टर नसतात. भूलतज्ज्ञ असतात, त्यांचा तंत्रज्ञ असतो, हात धुऊन हत्यारे देणारी सिस्टर असते, बाहेरून सामान पुरवणारी दुसरी सिस्टर असते, ट्रॉली ढकलणारे मामा असतात, फरशी पुसणारी मावशी असते. रुग्ण या सगळ्यांच्या हाती असतो. त्याला भूल दिलेली असते, त्यामुळे त्याच्या वतीने बोलायचे ते यांनीच.

एक प्रसंग सांगतो. रुग्णालयाचे नाव सांगणार नाही, त्याची गरजही नाही. पोटाचे मोठे ऑपरेशन, रात्रीचे दोन वाजलेले. पोटात रक्त टिपायला कापडी मॉप वापरतात. ते रक्ताने भिजले की आतल्या मांसासारखेच दिसतात, म्हणून सुरुवातीला मोजायचे, पोट बंद करण्याआधी मोजायचे आणि शेवटी पुन्हा मोजायचे, असा नियम आहे. सुरुवातीला पंधरा दिले होते. मोजले तर चौदा. सर्जन थकलेले होते. म्हणाले, "सिस्टर, तुमचे मोजणे चुकले असेल. टाके द्या." हत्यारे देणारी मुलगी नवीन, नोकरीला जेमतेम तीन महिने झालेले. ती म्हणाली, "सर, पोट बंद करू नका. एक कमी आहे."

थिएटरमध्ये एकदम शांतता झाली. आम्ही दोघी ज्येष्ठ सिस्टर तेथेच उभ्या होतो. फळ्यावरचा आकडा आम्हालाही दिसत होता. आणि खरे सांगायचे तर आम्ही गप्प होतो. मोठ्या सरांना कोण अडवणार, ही आमची वर्षानुवर्षांची सवय. बादली उलटी केली, टेबलाखाली पाहिले, कपड्यांचे गाठोडे सोडले. मिळेना. मग सरांनी पुन्हा आत हात घातला. डाव्या बाजूला, वर प्लीहेच्या मागे मॉप दडलेला होता. तो तसाच राहिला असता तर पू झाला असता, आतडे अडकले असते, रुग्ण महिनोन् महिने तापाने झुरला असता, आणि घरच्यांनी नशिबाला बोल लावला असता. सर कुणाला काही बोलले नाहीत. सकाळी चहा घेताना त्यांनी त्या मुलीला विचारले, "तुमचे नाव काय?" तीन महिने ती त्यांना हत्यारे देत होती!

ही नावाची गोष्ट तुम्हाला किरकोळ वाटेल. पण जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली शस्त्रक्रियेसाठी जी तपासणी-यादी काढली, तिच्यात चीर देण्याआधी प्रत्येकाने आपले नाव व काम मोठ्याने सांगावे, असे एक कलम आहे. ज्याने एकदा तोंड उघडून नाव सांगितले, तो पुढे चूक दिसली तर बोलतो, हा त्यामागचा अनुभव. या कामाचे नेतृत्व करणारे डॉ. अतुल गावंडे अमेरिकेतले, पण त्यांचे वडील आपल्याच महाराष्ट्रातील उटी या खेड्यातले. यादी एकोणीस कलमांची, एका कागदावर मावणारी. भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि रुग्ण बाहेर नेण्याआधी, असे तीन वेळा थांबायचे आणि मोठ्याने विचारायचे : रुग्ण हाच ना? बाजू डावी की उजवी? कसली ॲलर्जी? मॉप, सुया, हत्यारे पूर्ण? दिल्लीसह आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली. 2009 साली निष्कर्ष छापून आले. मृत्यूचे प्रमाण शेकडा 1.5 वरून 0.8 वर आणि गुंतागुंतीचे शेकडा 11 वरून 7 वर उतरले होते. नवीन औषध नाही, यंत्र नाही, फक्त विचारणे आणि उत्तर देणे. अर्थात, न विचारताच खुणा करून फाईलला लावलेली यादीही आम्ही पाहिली आहे. तिचा उपयोग रद्दीला.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी एक गंमत. भुलीच्या यंत्राला ऑक्सिजन आणि नायट्रस ऑक्साइड असे दोन सिलिंडर लागतात. त्यांची अदलाबदल झाली तर काही मिनिटांत जीव जातो. रंग वेगळे असतात, पण घाईत आणि अपुऱ्या उजेडात रंगावर किती भरवसा ठेवणार? म्हणून यंत्राच्या खोबणीत खिळे आणि सिलिंडरच्या तोंडाला भोके ठेवली. ऑक्सिजनची दोन आणि पाच क्रमांकाच्या जागी, नायट्रसची तीन आणि पाच. चुकीचा सिलिंडर बसतच नाही. माणूस चुकणारच हे धरून केलेली ही युक्ती आहे. मात्र जोर लावून खिळा वाकवणारा माणूसही असतो, त्याला कुणीतरी अडवावे लागते.

आता आपल्याकडे वळू. रुग्णाला सहा तास काही खायला देऊ नका, असे आम्ही सांगतो. आजी म्हणते, पोर उपाशी कसे जाईल, आणि पदराआडून चहा-बिस्कीट देते. भुलीत गिळण्याचा, खोकण्याचा ताबा सुटतो. पोटातले अन्न वर येऊन फुप्फुसात उतरते आणि माणूस दगावू शकतो. खाल्ले असेल तर खाल्ले म्हणून सांगा. ऑपरेशन काही तास पुढे जाईल, एवढेच. आम्ही ओरडू, ते ऐकून घ्या. दारू किंवा तंबाखूची सवय, चालू असलेल्या गोळ्या, पूर्वी भुलीचा झालेला त्रास, हेही तसेच सांगायचे.

आणि आता आम्हाला जे मुख्यतः सांगायचे आहे ते. आपल्या विदर्भात सिकलसेल आहे. आदिवासी बांधवांत आहे, तसा आपल्या समाजातही आहे. ज्याला हा आजार आहे, त्याच्या तांबड्या पेशी ऑक्सिजन कमी पडला, शरीर थंड पडले किंवा पाणी कमी झाले की विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. थिएटर म्हणजे काय? थंडगार खोली, उपाशी रुग्ण, भूल. नेमके सगळे तेथे जुळून येते. आधी कळले तर उपाय साधे आहेत : सलाईन लवकर लावायचे, अंग गरम ठेवायचे, ऑक्सिजन कमी पडू द्यायचा नाही, जरूर तर आधी रक्त द्यायचे, यादीत पहिला नंबर लावायचा. हातापायाचे रक्त रोखणारा पट्टा बांधण्याआधी दोनदा विचार करायचा. पण कळले तर! आपल्याकडे हा कागद ट्रंकेत तळाशी असतो. मुलीचे लग्न मोडेल, लोक काय म्हणतील. आम्हीही याच वस्त्यांतल्या, ही भीती आम्हाला ठाऊक आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता आजारी मुलाची असते. म्हणून लग्नाआधी दोघांनीही तपासून घ्यावे, असे आम्ही म्हणतो. लपवून लग्न जुळते, रक्त बदलत नाही.

एक मुलगा पाय मोडून आला. दहावीतला. आईला विचारले, घरात सिकल आहे का? ती नाही म्हणाली. ट्रॉली थिएटरच्या दाराशी आली. फरशी पुसणारी आमची मावशी त्यांच्याच वस्तीतली. तिने आईला भिंतीशी नेले आणि हळूच म्हटले, "बाई, तुझ्या नणंदेचं पोरगं कशानं गेलं, ते मला ठाऊक आहे. तू सांगतेस की मी सांगू?" आईने बटव्यातून घडी घातलेला, पिवळा पडलेला कागद काढला. मुलाच्या नावापुढे 'एसएस' लिहिलेले होते. भूलतज्ज्ञांनी ऑपरेशन त्या दिवशी थांबवले. रात्रभर सलाईन चालले, रक्त आणले, सकाळी पहिला नंबर लावला, दोन ब्लँकेटे घातली. नवव्या दिवशी मुलगा घरी गेला.

तो कागद फाईलमध्येच राहिला होता. आठवड्याने आई तो न्यायला आली. यावेळी तिच्याबरोबर थोरली मुलगी होती, लग्न ठरलेली. आईने मावशीला विचारले, रक्त तपासायची खोली कोणती?