उशीवरचा डाग

सकाळीं उशीच्या अभ्र्यावर लाळेचा डाग दिसला कीं घरांतलीं पोरें हंसतात, आणि उशीचा धनी मुकाट्यानें ती उलटी करून ठेवतो. लाळ गाळणें हा शब्दप्रयोगच मराठींत हांवरेपणासाठीं रूढ झाल्यामुळें श्रोत्यांपैकीं अनेकांना हा ओशाळेपणा ठाऊक असेल. तथापि निजलेल्या माणसाची लाळ आणि हांव यांचा कांहींएक संबंध नाहीं.

सर्वसाधारण समजूत अशी कीं, झोपेंत लाळ अधिक सुटते. वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. निरोगी माणसाच्या तोंडांत दिवसाकाठीं सुमारें अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. परंतु तिचा बहुतेक भाग जागेपणींचा, विशेषतः जेवतांनाचा. झोपेंत हा झरा जवळजवळ आटतो. मग उशी भिजते कशानें? जागा मनुष्य नकळत वरचेवर आवंढा गिळीत असतो. झोपेंत मात्र कित्येकदां २०-२० मिनिटें आवंढा गिळलाच जात नाहीं. जबड्याचे स्नायूहि सैल पडलेले असतात. उताणें निजणाऱ्याची लाळ घशाकडे ओघळते; कुशीवर निजणाऱ्याच्या ओठांत फट सांपडली कीं ती गालावरून खालीं उतरते. पृथ्वीचें आकर्षण कांहीं झोपत नाहीं! त्यांतून पडशानें नाक चोंदलेलें असेल तर तोंड उघडेंच राहतें, आणि मग डाग ठरलेला.

तान्ह्या मुलाला लाळेरें बांधावें लागतें तें दांत येत असल्यामुळें, असें आज्या सांगतात. पण लाळ वेळेवर गिळणें त्याच्या अंगवळणीं पडलेलें नसतें, हें मोठें कारण. आयुष्याच्या दुसऱ्या टोकालाहि हाच प्रकार आढळतो. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनीं १८१७ सालीं कंपवातावर लिहिलेल्या निबंधांत रोग्याच्या तोंडांतून सतत गळणाऱ्या लाळेचें वर्णन आहे. तेथेंहि लाळ वाढलेली नसते, गिळण्याची क्रिया मंदावलेली असते. अशा वृद्धाला घरच्यांनीं गबाळा म्हणणें हा निव्वळ अन्याय होय.

एरव्हींच्या डागाला औषध नको. कूस बदलावी, अभ्रा धुवावा. मूल रोज तोंड उघडें टाकून घोरत असेल, तर मात्र त्याचे टॉन्सिल व नाकामागच्या गांठी तपासून घ्याव्या. आणि लाळ एकाएकीं एकाच बाजूनें गळूं लागली, ओठाचा कोपरा लोंबला, बोलणें अडखळलें, तर सकाळ होण्याची वाट न पाहतां रोग्याला तत्काळ रुग्णालयांत न्यावें. तो पक्षघाताचा झटका असूं शकतो, आणि त्यांत मिनिटागणिक मेंदूचा भाग निकामी होत जातो.