मोटारसायकलची बॅटरी : निगा आणि बदल

(संस्थेच्या वतीने मंगळवार पेठेत विद्यार्थी व तरुण कारागिरांसमोर दिलेले व्याख्यान)



राजर्षी शाहू महाराजांच्या पाठबळाने १९०६ साली या शहरात मुस्लिम मुलांच्या शिक्षणाची सोय उभी राहिली आणि आपल्या मुलांच्या हाती पुस्तक आले. पाना तर हातात आधीपासून होताच. पण या दोघांची गाठ अजून फारशी पडत नाही. शाळेत आम्ल शिकलेला मुलगा घरच्या गाडीच्या बॅटरीचे बूच कधी उघडत नाही, आणि गॅरेजात रोज आम्ल हाताळणारा मुलगा त्याला नुसते 'पाणी' म्हणतो. म्हणून आज हा विषय घेतला.

राजदूत-येझदीच्या काळी बॅटरी उतरली तर हॉर्न बसायचा, दिवा पिवळा पडायचा. गाडी ढकलून का होईना, बहुधा चालू व्हायची. आता तसे नाही. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकीचा पुढचा दिवा इंजिन चालू असेतो जळतोच. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे भारत स्टेज सहा हे नियम आले. बहुतेक गाड्यांचा कार्बुरेटर गेला आणि पेट्रोलची फवारणी विजेवर होऊ लागली. पुष्कळ गाड्यांना किकच नाही. बॅटरी गेली की गाडी जागेवर, आणि गाडीवर पोट असणाऱ्याचा दिवस बुडाला.

बॅटरी म्हणजे सहा घरे. प्रत्येक घरात शिशाच्या पट्ट्या आणि पातळ गंधकाम्ल. एक घर सुमारे २.१ व्होल्टचे. ही रचना १८५९ साली गॅस्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने केली, आणि मूळ तत्त्व आजही तेच आहे. वीज खर्च होते तेव्हा पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट बसते. चार्ज केले की ते परत विरघळते. पण उतरलेली बॅटरी तशीच महिनाभर पडली, तर त्या सल्फेटचे टणक खडे होतात आणि मग ते निघत नाहीत. लोक म्हणतात, बॅटरी जुनी झाली. माझ्या मते निम्म्या बॅटऱ्या म्हातारपणाने नव्हे, उपाशी राहून मरतात. आपल्याकडे पावसाळ्यात गाडी पंधरा-पंधरा दिवस झाकून ठेवतात, नेमके तेव्हाच हे घडते.

तपासणी सोपी आहे. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी मीटर लावा. १२.६ च्या वर काटा असेल तर बॅटरी भरलेली, १२.४ ला पाऊण. १२ च्या खाली जवळजवळ रिकामी. मग इंजिन चालू करून थोडी रेस द्या. साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. तेवढे दिसत नसतील तर दोष चार्जिंगमध्ये आहे, आणि नवी बॅटरी घालूनही ती पुन्हा उतरेल. हे न पाहता बॅटरी बदलणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे.

बुचाच्या बॅटरीत पाणी दोन रेघांच्या मध्ये ठेवावे. घालायचे ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. नळाच्या पाण्यातील क्षार पट्ट्यांना मारतात. आम्ल तर वरून मुळीच घालू नये, कारण उडून जाते ते पाणी, आम्ल आतच राहते. सीलबंद बॅटरीत काही घालावे लागत नाही, पण ती चार्ज ठेवावी लागतेच. चार्जर लावताना क्षमतेच्या दहाव्या हिश्शाने : पाच अँपिअर-तासाच्या बॅटरीला अर्धा अँपिअर, दहा-बारा तास. त्या वेळी हायड्रोजन वायू सुटतो. जवळ विडी-काडी नको, खोली मोकळी हवी.

काढताना आधी ऋण टोक, मग धन. बसवताना आधी धन, शेवटी ऋण. ऋण टोक चासीला जोडलेले असते. ते आधी सोडले तर धन टोकाचा पाना चासीला लागला तरी ठिणगी उडत नाही. वायूची नळी दुमडू नये. टोकांवर पांढरी पूड साचली तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, कोरडी करून वासलिन लावा. डोळ्यांवर चष्मा हवाच. आम्ल उडाले तर निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. हे उस्तादांनी पोराला पहिल्या दिवशी सांगितले पाहिजे.

आता पालकांसाठी. जुन्या बॅटरीत शिसे असते, आणि शिशाची धूळ लहान मुलाच्या मेंदूला कायमची इजा करते. मूल आजारी न दिसताही अभ्यासात मागे पडते. युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण धोक्याच्या पातळीवर होते. उघड्यावर बॅटरी फोडून शिसे वितळवणे हे त्याचे एक मोठे कारण आहे. मुलाच्या फीसाठी झटणाऱ्या घरात मोडकी बॅटरी जिन्याखाली पडून राहावी, हे मला पटत नाही. गॅरेजातून आलेल्याने कामाचे कपडे वेगळे धुवावेत, हात धुऊनच मुलाला उचलावे.

२००१ पासूनच्या नियमांप्रमाणे आणि २०२२ च्या नव्या नियमांप्रमाणेही जुनी बॅटरी परत घेण्याची व्यवस्था आहे. भंगारवाला चार रुपये जास्त देत असला तरी ती दुकानातच द्या. मोबदला नव्या बॅटरीच्या किमतीतून वजा होतो. तो पावतीवर लिहून घ्या, आणि त्याच वेळी नव्या बॅटरीवरचा बनावटीचा महिना व वॉरंटी कार्डावरची तारीख दुकानदारासमोरच पाहून घ्या.