परदेशगमनाची गुणपत्रिका

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात गोंदिया येथे दिलेले व्याख्यान)



चिटणिसांनी यंदा आम्हांस जो विषय नेमून दिला, त्याचे काहींना नवल वाटले असेल. परदेशात स्थायिक होण्याचे नियम एका सेवानिवृत्त शाळामास्तराने कशासाठी सांगावेत? परंतु हा सारा विषय गुणांचा आहे, आणि गुणपत्रिका वाचण्यात व बेरजा तपासण्यातच आमची हयात गेली. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. अलीकडे आमच्याकडे येणारे पालक एक प्रश्न वारंवार विचारतात : "गुरुजी, पोराला कॅनडाला पाठवायचे म्हणतो. बांधी गहाण टाकू का?" या प्रश्नाला आमचे उत्तर ठरलेले आहे : आधी बेरीज, मग बांधी. आजचे आमचे भाषण म्हणजे या चार शब्दांचा विस्तार होय.

प्रथम थोडा इतिहास पाहू. पूर्वी या देशांच्या दारात पहिली चौकशी होई ती माणसाच्या जन्माची. १९१४ साली 'कोमागाटा मारू' या जहाजातून ३७६ हिंदी प्रवासी व्हँकुव्हरच्या बंदरी पोहोचले. दोन महिने जहाज पाण्यात उभे राहिले, आणि अगदी थोड्यांखेरीज कोणासही उतरू न देता ते परत लावण्यात आले. ऑस्ट्रेलियाने १९०१ च्या कायद्याने आणखी एक युक्ती काढली होती. नको असलेल्या माणसास तेथील अधिकारी पन्नास शब्दांचा उतारा श्रुतलेखनास घालीत, आणि तो कोणत्याही युरोपीय भाषेतून! आम्ही जन्मभर मुलांना श्रुतलेखन घातले, ते त्यांना लिहिता यावे म्हणून. येथे परीक्षा घेतली जाई ती नापास करण्याकरिता. ही प्रथा १९५८ पर्यंत टिकली.

आपण स्वतंत्र झाल्यावर १९५१ साली भारत व कॅनडा यांच्यात करार झाला. त्यान्वये कॅनडातील भारतीयांचे निकटचे नातलग सोडले, तर साऱ्या भारतातून वर्षाकाठी केवळ १५० माणसांना प्रवेश होता. १९५७ साली ती संख्या ३०० झाली. पुढे १९६२ साली कॅनडाने वर्णभेदाचा नियम काढून टाकला, आणि १ ऑक्टोबर १९६७ पासून गुणपद्धती सुरू केली. एकूण गुण १००. उत्तीर्ण होण्यास ५० पुरेत. शिक्षणास २०, वयास १०, भाषेस १०, कौशल्यास १०, धंद्याच्या मागणीस १५, असे ते वाटलेले होते. शाळेच्या प्रत्येक यशस्वी वर्षाला एक गुण मिळे. म्हणजे आमच्यासारख्या अकरावीच्या जुन्या मॅट्रिकलाही ११ गुण मिळाले असते. मात्र आणखी १५ गुण मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती असत. उमेदवाराचे व्यक्तिमत्त्व पाहून त्याने ते द्यावेत, असा नियम होता.

त्या दारातून पुढील वर्षांत मराठी मुलखातील अभियंते, डॉक्टर आणि प्राध्यापक कॅनडात गेले. टोरांटोचे मराठी भाषिक मंडळ, तसेच १९८१ साली स्थापन झालेले उत्तर अमेरिकेचे बृहन्महाराष्ट्र मंडळ, अशा संस्था परदेशी स्थिरावलेल्या मराठी माणसांनी उभ्या केल्या. येथे एक गोष्ट आपल्या मंडळाने ध्यानी घ्यावी. आपण जन्माच्या नात्याने एकत्र आलो आहोत आणि त्यात आपणांस आनंद आहे. परंतु या परीक्षेत उमेदवाराची जात, कूळ, गाव यांपैकी काहीही विचारत नाहीत. कोणाचे शिफारसपत्रही तेथे उपयोगी पडत नाही. मालगुजाराचा मुलगा आणि रोवणीला जाणाऱ्या बाईचा मुलगा एकाच कोष्टकाने मोजले जातात. ही या पद्धतीची खरी थोरवी होय.

आता आजची व्यवस्था पाहू. कॅनडात २०१५ पासून 'एक्स्प्रेस एंट्री' नावाची पद्धत आहे. परदेशातून जाणाऱ्या कुशल माणसास बहुधा दोन पायऱ्या चढाव्या लागतात. पहिल्या पायरीवर १०० पैकी ६७ गुण हवेत : भाषेस २८, शिक्षणास २५, अनुभवास १५, वयास १२, ठरलेल्या नोकरीस १० आणि तेथे जुळवून घेण्याच्या क्षमतेस १०. शालान्त शिक्षणाला आता २५ पैकी ५ गुण मिळतात, पदवीला २१. अधिकाऱ्याच्या मर्जीचे गुण मात्र उरलेले नाहीत.

पुष्कळांची समजूत अशी की, ६७ मिळाले म्हणजे काम झाले. तसे नाही. ६७ गुण म्हणजे केवळ रांगेत उभे राहण्याची परवानगी. पुढे १,२०० गुणांची दुसरी मोजणी होते, तीत सर्वांना उतरत्या क्रमाने लावतात, आणि वेळोवेळी फेरी काढून वरच्यांना आमंत्रण देतात. आमंत्रण मिळाल्यावर ६० दिवसांत संपूर्ण अर्ज करावा लागतो. वर्षभरात आमंत्रण आले नाही, तर नोंद संपते आणि पुन्हा करावी लागते.

एक हिशेब मांडून दाखवितो. समजा, मुलगा २७ वर्षांचा, अविवाहित, अभियांत्रिकीचा पदवीधर असून येथे तीन वर्षे नोकरी केलेला आहे. वयाचे ११० आणि पदवीचे १२०. इंग्रजी परीक्षेच्या वाचन, लेखन, श्रवण, संभाषण या चारही अंगांत तो किमान पातळीवर, म्हणजे सातव्या इयत्तेवर, असेल तर भाषेचे ६८. शिक्षण व अनुभव यांना भाषेची जोड मिळाल्याबद्दल आणखी ३८. एकूण ३३६. आता तोच मुलगा, तीच पदवी, तीच नोकरी. फक्त इंग्रजी नवव्या पातळीवर नेले. भाषेचे १२४ होतात, जोडीचे ७५ होतात आणि बेरीज ४२९ वर जाते. नवी पदवी न घेता, एक रुपयाची जमीन न विकता ९३ गुण वाढले! त्याने पुढे पदव्युत्तर पदवी घेतली, आणि वय तिशीच्या आत राहिले, तर ४६९ होतील.

परंतु यापुढचे वाक्यही आम्हांस सांगितलेच पाहिजे, कारण ते दलाल सांगत नाहीत. २०२४ साली निघालेल्या सर्वसाधारण फेऱ्यांत आमंत्रणास ५२० हून अधिक गुण लागले. म्हणजे आपला हुशार मुलगाही त्या रेषेच्या खालीच राहिला असता. त्याला मग एखाद्या प्रांताची निवड मिळवावी लागते, तिचे ६०० गुण असतात. किंवा फ्रेंच भाषा शिकावी लागते. किंवा आरोग्यसेवा, सुतारकाम, वीजकाम अशा ज्या धंद्यांसाठी २०२३ पासून वेगळ्या फेऱ्या काढतात, त्यांत बसावे लागते.

वयाचे गुण कसे ओसरतात, तेही पाहा. एकट्या उमेदवारास २९ व्या वर्षापर्यंत ११०, ३५ व्या वर्षी ७७, ४० व्या वर्षी ५०, आणि ४५ व्या वर्षी शून्य. रोवणीचा हंगाम टळल्यावर परे कितीही चांगले असले तरी उपयोग काय?

भगिनींनो, यापुढचा भाग आपल्यासाठी विशेष आहे. विवाहित जोडप्यात ज्याचे गुण अधिक, त्याला किंवा तिला मुख्य अर्जदार होता येते. दुसऱ्याच्या शिक्षणाचे आणि भाषेचे गुणही हिशेबात धरतात. "मुलीला शिकवून शेवटी सासरीच पाठवायची" असे म्हणणारे पालक आम्ही पुष्कळ पाहिले. त्यांना आम्ही आता सांगतो की, परिचारिका झालेली सून संपूर्ण घराला पुढे नेईल आणि बारावीनंतर घरी बसविलेली मुलगी स्वतःच्या नवऱ्याच्या गुणांत शिक्षणाची फारशी भर घालू शकणार नाही. मुलीचे शिक्षण थांबविणाऱ्या बापाला या कोष्टकाने चांगला धडा घालून दिला आहे.

इतर देशांची पद्धत थोडक्यात सांगतो. ऑस्ट्रेलियात किमान ६५ गुण लागतात, वय ४५ च्या आत हवे, आणि त्याआधी आपल्या धंद्याची तपासणी तेथील नेमलेल्या संस्थेकडून करून घ्यावी लागते. इंग्लंडमध्ये २०२१ पासून ७० गुणांची पद्धत आहे, परंतु तेथे सारा भार नोकरीवर आहे. मान्यताप्राप्त मालकाची नोकरी हाती नसेल, तर तेथे बेरीज जमत नाही.

जर्मनीने जून २०२४ पासून 'संधीपत्र' देण्यास आरंभ केला. आपल्या जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत शिकणाऱ्या मुलांनी त्याकडे अवश्य लक्ष द्यावे. तेथे शासनमान्य असे किमान दोन वर्षांचे व्यवसायशिक्षण हवे आणि नंतर केवळ ६ गुण लागतात. इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेला, २६ वर्षांचा मुलगा घ्या. वय पस्तिशीच्या आत, २ गुण. गेल्या पाच वर्षांत त्याच कामाचा दोन वर्षांचा अनुभव, २ गुण. जर्मन भाषेची तिसरी पायरी, जिला 'बी-१' म्हणतात, तिचे २ गुण. झाले सहा. हे पत्र मिळाल्यावर एक वर्ष तेथे राहून नोकरी शोधता येते. मात्र त्या वर्षाच्या निर्वाहाची तरतूद आधी दाखवावी लागते. महाराष्ट्र शासनानेही २०२४ साली जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केला. तेव्हा हातात पाना-पक्कड घेणाऱ्या मुलाला आपण कमी लेखू नये.

आता कागदपत्रांविषयी. आम्हांस सर्वांत अधिक हळहळ याच बाबतीत वाटते, कारण येथे हुशारी नव्हे, केवळ निष्काळजीपणा आड येतो. आपल्याकडे शालान्त गुणपत्रिकेवर आडनाव प्रथम, पदवीवर शेवटी, आधारपत्रावर वडिलांचे नाव गाळलेले, आणि पारपत्रावर तिसरेच काही! लग्नानंतर मुलीचे नाव बदलले की गोंधळ दुप्पट. परक्या अधिकाऱ्याला ही तीन माणसे वाटतात. आमच्या एका विद्यार्थ्याचे आठ महिने नावातील एका अक्षराच्या दुरुस्तीत गेले. तेवढ्यात त्याच्या इंग्रजी परीक्षेच्या निकालाची दोन वर्षांची मुदत संपली आणि परीक्षा पुन्हा द्यावी लागली. म्हणून मुलाचे नाव शाळेत घालतानाच स्पेलिंग ठरवा, आणि ते जन्मभर पाळा. अनुभवाचा दाखला घेताना पद, कामाचे स्वरूप, आठवड्याचे तास, वेतन व तारखा त्यात लिहून घ्या. "मुलगा चांगला आहे" एवढ्या दाखल्याला एकही गुण मिळत नाही.

आता पैशाची बाब. कॅनडाच्या या मार्गात नोंद करण्यास शुल्क नाही, ती घरबसल्या करता येते आणि गुणांचे कोष्टक सर्वांस खुले आहे. खर्च येतो तो परीक्षेचा, पदवीच्या मूल्यमापनाचा, पुढे वैद्यकीय तपासणीचा आणि सरकारी शुल्काचा. शिवाय ज्याच्या हाती तेथील नोकरी नाही, त्याला निर्वाहाची रक्कम दाखवावी लागते. २०२५ च्या नियमानुसार ती एकट्या माणसास १५,००० डॉलरांहून अधिक होती. ही रक्कम स्वतःची हवी, उसनी चालत नाही. सावकाराकडून महिनाभरासाठी पैसे आणून खात्यात ठेवण्याचा सल्ला जो देतो, तो आपल्या मुलाला खोटे बोलावयास शिकवितो. असे खोटे उघडकीस आले, तर कॅनडाचे दार पाच वर्षे बंद होते.

कॅनडातील नोकरीचे पत्र विकत देणाऱ्यांचाही मोठा बाजार भरला होता. त्याला आळा बसावा म्हणून त्या सरकारने २५ मार्च २०२५ पासून दुसऱ्या मोजणीतील नोकरीपत्राचे गुणच काढून टाकले. तरीही आज कोणी असे पत्र दाखवून "यामुळे गुण वाढतील" म्हणत असेल, तर त्याला दारातूनच नमस्कार करावा. पैसे घेऊन सल्ला देणाऱ्याची नोंद कॅनडातील अधिकृत सल्लागार-संस्थेत किंवा तेथील वकिलांच्या संस्थेत असावी लागते, आणि त्याचे नाव त्या यादीत तपासून पाहता येते. नोकरीवर पाठविणारा दलाल असेल, तर आपल्या परराष्ट्र मंत्रालयाकडे त्याची नोंदणी आहे की नाही, ते पाहावे. आमंत्रणाची हमी कोणीही देऊ शकत नाही. देतो तो फसवितो.

शेवटी एक विचार आपणांपुढे ठेवतो. आपला शेतकरी धान पेरण्यापूर्वी बी मिठाच्या पाण्यात टाकतो. पोचट वर तरंगते, भरीव तळाशी बसते, आणि तेच बांधीत जाते. हे देश तेच करतात. ते आपल्यावर उपकार करीत नाहीत. आपल्या शेतासाठी भरीव बी निवडतात. त्यात आपल्या मुलाचा मान आहे, पण ज्याला आमंत्रण आले नाही तो पोचट ठरला, असे कोणी मानू नये. त्या कोष्टकात आजारी आईची सेवा करणाऱ्याला गुण नाहीत. तलावाच्या पाळीवर रात्र जागून गावचे पाणी राखणाऱ्यालाही नाहीत. आपण मात्र ते गुण देण्यास विसरता कामा नये. आणि जो जाईल, त्याने गावी राहिलेल्या वृद्धांची व्यवस्था लावून जावे. म्हाताऱ्या आईबापांना मागाहून बोलावून घेता येईल, या भरवशावर कोणी राहू नये. तो मार्ग वेगळा आहे आणि फार अरुंद आहे.

मंडळास आमची तीन कामांची विनंती आहे. वर्षातून दोन रविवार समाजभवनात एक टेबल मांडावे आणि तेथे मुलांची बेरीज व कागदपत्रे विनामूल्य तपासून द्यावीत. आठवीपासूनच्या मुलामुलींसाठी इंग्रजी संभाषणाचा वर्ग चालवावा. आणि जे परदेशी स्थिरावले आहेत, त्यांनी दरवर्षी निदान एका मुलाच्या किंवा मुलीच्या परीक्षेचे शुल्क भरावे. टेबलाजवळ बसून बेरजा तपासण्यास आम्ही स्वतः येऊ. तेवढे काम आम्हांस अजून येते.