कानाला टोचणारे शब्द



गावात एखादा कार्यक्रम असला की पाहुणे बोलायला उभे राहतात. "मी फार वेळ घेणार नाही, फक्त दोन शब्द सांगू इच्छितो," असे म्हणून सुरुवात होते आणि ते दोन शब्द अर्धा तास पुरतात. मग येते "त्या ठिकाणी". "आपण त्या ठिकाणी जो रस्ता त्या ठिकाणी मंजूर करून घेतला, त्याबद्दल मी या ठिकाणी आपले अभिनंदन करतो." एका सव्वीस जानेवारीला आमच्या शाळेतील पोरांनी बोटांवर मोजणी ठेवली होती. पाहुण्यांच्या एका भाषणात "त्या ठिकाणी" अठ्ठेचाळीस वेळा आले. भाषण कशावर होते ते मात्र एकालाही सांगता आले नाही.

अशा शब्दांचा आपल्याला कंटाळा येतो. कुणी प्रत्येक वाक्यामागे "समजलं का?" जोडतो, कुणी "म्हणजे मी काय म्हणतो" एवढे म्हणून पुढे काहीच म्हणत नाही. शहरातून सुटीला आलेला पुतण्या "ॲक्च्युअली" शिवाय पाणीदेखील मागत नाही. कचेरीत गेलो तर "साहेब मीटिंगमध्ये आहेत", "सर्व्हर डाऊन आहे", "प्रोसेसमध्ये आहे". पूर्वी "साहेब दौऱ्यावर आहेत" हे वाक्य होते, आता सर्व्हर दौऱ्यावर असतो, एवढाच फरक.

हे सगळे ऐकून चीड येते खरी. पण यातील पुष्कळसे निरुपद्रवी असते. बोलणारा शब्द शोधत असतो, आणि शब्द सापडेपर्यंत "त्या ठिकाणी"चा टेकू घेतो. म्हातारा माणूस काठी टेकतो, तसेच ते. त्यावर हसावे आणि सोडून द्यावे.

पण काही शब्द असे असतात की ते सोडून देता येत नाहीत. त्यांनी माणसाचे नुकसान होते. आज मला मुख्यतः त्यांच्याविषयी बोलायचे आहे.

आमच्या खालच्या आळीत एक मावशी राहतात. नवरा वारला, तेव्हा दीड एकर जमिनीवर वारस म्हणून आपले नाव लागावे यासाठी त्यांनी अर्ज केला. काही दिवसांनी कचेरीतून पत्र आले. मावशींना लिहिता-वाचता येत नाही. नातू सातवीत. त्याने पत्र मोठ्याने वाचले. मजकूर साधारण असा होता: "उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आपल्या अर्जात आढळून आलेल्या त्रुटींची पूर्तता पत्रप्राप्तीपासून १५ दिवसांच्या आत न केल्यास सदर प्रकरण निकाली काढण्यात येईल, याची नोंद घ्यावी."

मावशींनी विचारले, "काय म्हणतात रे?" नातू म्हणाला, "आजी, पंधरा दिवसांत निकाल लागणार. नोंद घेणार म्हणतात."

मावशींना केवढा आनंद झाला! निकाल लागणार आणि नोंद होणार. त्यांनी पत्राला हळदीकुंकू लावले आणि देवाच्या तसबिरीमागे जपून ठेवले. महिना होत आला तेव्हा रस्त्यात भेटून मला म्हणाल्या, "गुरुजी, कागद आलाय हो, काम झालं म्हणायचं का?" मी पत्र पाहिले आणि काय बोलावे ते मला कळेना. एक प्रतिज्ञापत्र जोडायचे राहिले होते, बस्स. तेवढ्यासाठी अर्ज बंद झाला होता. नवा अर्ज, नव्या खेपा. तोवर पेरणी आली. जमीन नावावर नाही म्हणून सोसायटीचे पीककर्ज मिळाले नाही, आणि बियाण्यासाठी मावशींना हातातली पाटली मोडावी लागली.

आता यात दोष कुणाचा? पत्र लिहिणाऱ्याने खोटे काहीच लिहिले नव्हते. मुलाने एकही अक्षर चुकीचे वाचले नव्हते. मला सर्वांत लागले ते हेच, कारण तो मुलगा माझ्याच वर्गातला. "प्रकट वाचन: उत्तम" असा शेरा मीच त्याला दिला होता. वाचन उत्तम होते, पण "निकाल लागणे" आणि "निकाली काढणे" यांतले अंतर मी त्याला कधी सांगितले नव्हते.

ही भाषा अशी का झाली, तेही पाहिले पाहिजे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात राज्याने भाषा संचालनालय स्थापन केले. १९६४ साली राजभाषा अधिनियम झाला. तोवर वरच्या कचेऱ्यांचा बराचसा कारभार इंग्रजीत चालत असे. तो मराठीत आणायचा म्हणजे हजारो शब्द नव्याने घडवायचे. काम मोठे होते आणि ते मनापासून झाले. पण शब्द मराठी झाले तरी वाक्याचा सांगाडा पुष्कळदा इंग्रजीच राहिला. "कळविण्यात येते", "निकाली काढण्यात येईल" ही वाक्ये ऐका. कळवतो कोण? काढणार कोण? माणूसच दिसत नाही. आपल्या घरात कुणी "जेवण वाढण्यात येत आहे" असे म्हणते का?

शब्दांचा हा प्रश्न काही आजचा नाही. शिवाजी महाराजांच्या काळी राज्यकारभारात फार्सी शब्दांची गर्दी झाली होती. महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला आणि फार्सी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द सुचवले गेले. त्यांतले काही रुजले, पुष्कळ रुजले नाहीत. अर्ज, हुकूम, हक्क, जमीन, तहसील हे शब्द आजही आपल्या तोंडी आहेत आणि ते परके वाटत नाहीत. उलट सावरकरांनी भाषाशुद्धीच्या चळवळीत पुढे आणलेले महापौर, दिनांक, क्रमांक हे शब्द आता कुणाला नवे वाटत नाहीत. यावरून मला एवढेच दिसते की, शब्द संस्कृत आहे की फार्सी यावर फारसे काही अवलंबून नसते. तो लोकांच्या वापरात आला की आपला होतो. वापरात न येता नुसता कागदावर राहिला की टोचतो.

आता कुणी म्हणेल, "मग अवघड शब्द काढूनच टाका." तेही बरोबर नाही. प्रत्येक धंद्याला आपले शब्द लागतात. शेतकरी "वाफसा आला" म्हणतो. पाऊस झाल्यावर जमीन फार ओली नाही, फार कोरडीही नाही, पेरणीजोगी झाली, एवढा सगळा अर्थ त्या एका शब्दात बसतो. सातबाऱ्यावरचा "पोटखराबा" हा शब्दही तसाच. तुमच्याच गटातली, पण लागवडीला अयोग्य म्हणून धरलेली जमीन. किती नेमका शब्द! शहरातल्या माणसाला तो कळणार नाही, म्हणून आपण तो टाकायचा का? मुळीच नाही. फक्त शहरातला माणूस समोर असला की त्याला अर्थ सांगायचा, एवढेच.

मौज अशी की ज्या शब्दांवर आपण चिडतो, त्यांतले काही फार नेमके असतात. आमच्या रेडिओवरचेच उदाहरण घ्या. हवामानाच्या बातमीत येते, "तुरळक ठिकाणी मुसळधार पाऊस पडेल." पारावर बसलेली मंडळी वैतागतात. "तुरळक म्हणजे कुठं? आमच्या गावाला का पलीकडच्या?" त्यांना वाटते, चुकले तर अंगाशी येऊ नये म्हणून हा गुळमुळीत शब्द योजला आहे. पण हवामान खात्याच्या भाषेत त्याला माप आहे. एखाद्या भागात पाऊस मोजण्याची जेवढी केंद्रे आहेत, त्यांतल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर "तुरळक ठिकाणी" म्हणतात. २६ ते ५० टक्के असेल तर "काही ठिकाणी". ५१ ते ७५ टक्क्यांना "बऱ्याच ठिकाणी" आणि त्याच्यावर "बहुतेक ठिकाणी". "हलका", "मध्यम" यांनाही माप आहे. २४ तासांत १५.५ मिलिमीटरपर्यंत पाऊस झाला तर तो हलका, तेथून ६४.४ पर्यंत मध्यम, आणि ६४.५ मिलिमीटरपासून पुढे जोरदार. ११५.५ च्या पुढे गेला की अतिजोरदार.

म्हणजे "तुरळक ठिकाणी" ऐकले तर आपल्या गावाला पाऊस चुकण्याचाच संभव अधिक, आणि "बहुतेक ठिकाणी" ऐकले तर वाळत घातलेले धान्य आत घ्यायला हवे. शब्दात अर्थ भरलेला होता. तो आम्ही रेडिओवाल्यांनी आणि शाळामास्तरांनी तुमच्यापर्यंत पोचवला नाही, हा दोष आमचा.

याच्या उलट काही शब्द मुद्दाम धूसर असतात. "सदृश" हा त्यांतलाच. ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्यात पावसाने दगा दिला, तेव्हा आधी "दुष्काळसदृश परिस्थिती" जाहीर झाली. महिनाअखेरीस १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. मधल्या काळात गावोगाव लोक विचारत होते, "सदृश म्हणजे काय? विहीर कोरडी, का कोरडीसारखी?" कायद्याच्या आणि मदतीच्या दृष्टीने त्या दोन शब्दांत फरक असतो, हे मान्य. पण ज्याच्या दावणीला जनावर उपाशी उभे आहे, त्याच्या कानाला तो शब्द टोचणारच. आपले दुःख कुणीतरी मापात कमी धरले, असे त्याला वाटते.

आता थोडे शिक्षकबंधू आणि भगिनींशी बोलतो. कचेरीला नावे ठेवणे सोपे आहे, पण आपण काय करतो? १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्काचा कायदा लागू झाला आणि त्यानंतरच्या वर्षांत आपल्या तोंडी नवे शब्द बसले. "सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन", "अध्ययन निष्पत्ती", "अप्रगत विद्यार्थी". पालकसभेत मी स्वतः एका आईला म्हणालो होतो, "आपल्या पाल्याची अपेक्षित अध्ययन निष्पत्ती साध्य झालेली नाही." ती बिचारी घाबरली. म्हणाली, "गुरुजी, काय केलं त्यानं? कुणाचं काही घेतलं का?" मला सांगायचे एवढेच होते की, पोराला हातच्याची वजाबाकी येत नाही. रोज संध्याकाळी पाच गणिते करून घ्या. हे साधे वाक्य माझ्या तोंडून का निघाले नाही? कारण अवघड शब्द बोललो की आपण कुणीतरी आहोत असे वाटते. कचेरीतल्या कारकुनालाही तसेच वाटत असेल.

मावशींचे प्रकरण झाल्यापासून मी शाळेत एक गोष्ट सुरू केली आहे. शनिवारी एक तास आम्ही पुस्तक बाजूला ठेवतो. मुले घरातला एखादा खरा कागद आणतात. विजेचे बिल, सातबाऱ्याचा उतारा, सोसायटीची नोटीस, औषधाच्या खोक्यातली चिठ्ठी. तो कागद वाचायचा आणि तीन प्रश्नांची उत्तरे द्यायची. कुणी काय करायचे आहे? केव्हापर्यंत? आणि नाही केले तर काय होईल? तीन उत्तरे आली तर कागद वाचला. नाही तर नुसती अक्षरे वाचली. मग मुले तोच मजकूर आपल्या भाषेत लिहितात. मावशींचे पत्र एका मुलीने असे लिहिले: "तुमच्या अर्जाला प्रतिज्ञापत्र जोडलेले नाही. ते पंधरा दिवसांत आणून द्या. आणले नाही तर तुमचा अर्ज बंद होईल आणि नाव लागणार नाही." यात काय कमी आहे? उलट कोणता कागद हवा, हे मूळ पत्रात नव्हते ते हिच्या पत्रात आले.

आणि श्रोतेहो, तुमच्याकडेही एक मागणे आहे. कचेरीत, बँकेत, दवाखान्यात, शाळेत एखादा शब्द कळला नाही तर मान डोलावून बाहेर येऊ नका. "म्हणजे काय हो, जरा सोपं करून सांगा," असे विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. डॉक्टरांचा शब्द न कळून औषध चुकले, तर ते दुखणे आपल्याला भोगावे लागते. सांगणारा चिडला तर चिडू द्या, पण विचारल्यावाचून सही किंवा अंगठा करू नका.

मावशींच्या जमिनीवर पुढे त्यांचे नाव लागले. त्याआधी कचेरीचे आणखी एक पत्र आले होते. ते देवामागे ठेवण्यापूर्वी त्या नातवाला घेऊन माझ्या घरी आल्या. मी पत्र हातात घेणार, तोच तो म्हणाला, "थांबा गुरुजी, मी सांगतो." आणि त्याने कुणी, काय, केव्हापर्यंत आणि नाही तर काय, हे सगळे आजीला नीट समजावून दिले. त्या दिवशी मी त्याच्या वाचनाला मनातल्या मनात पुन्हा "उत्तम" असा शेरा दिला. या वेळी तो खरा होता.

एवढे सांगून मी आपली रजा घेतो. दोन शब्द म्हणालो नव्हतो, त्यामुळे जास्त झाले असतील तर क्षमा असावी. नमस्कार.