जास्वंदीवरील इवली माशी



कीर्तनातला भ्रमरकीटकाचा दृष्टान्त आपणांस ठाऊक आहे. कुंभारीण माशी अळीला मातीच्या घरट्यात कोंडते. माशीचा ध्यास घेऊन अळीच माशी होते. दृष्टान्त गोड खरा. परंतु घरटे फोडून पाहावे, तर लुळी केलेली ती अळी माशीच्या पिलाची शिदोरी असते. आत गेली ती एक, बाहेर आली ती दुसरीच!

कुंभारणीच्या काही दूरच्या बहिणींना घरटेही लागत नाही. भक्ष्याचे शरीर हेच त्यांच्या पिलांचे घर. अशीच एक माशी आपल्या दारातल्या जास्वंदीवर येते.

गणपतीला फूल हवे म्हणून आपण जास्वंद लावतो आणि तिच्या शेंड्यांवर पांढरा पिठ्या ढेकूण बसतो. त्याची एक जात मूळची अमेरिकेतली. २००७ च्या सुमारास तिने भारतातील कपाशीवर धुमाकूळ घातला. तिच्यामागून, कोणी मुद्दाम न सोडताच, ही माशी शेतांत दिसू लागली. २००९ साली मोहम्मद हयात या कीटकशास्त्रज्ञांनी तिचे वर्णन करून शास्त्रज्ञ ओ. एम. बंबावाले यांच्या नावावरून तिला ‘एनॅशियस बंबावालेई’ म्हटले. अमेरिकेत पूर्वीच वर्णिलेली ‘अ‍ॅरिझोनेन्सिस’ ती हीच, असे पुढे ठरले.

माशी जेमतेम दोन मिलिमीटरांची. मादी ढेकणाच्या अंगात अंडे घालते. अळी त्याला आतून खाते. ढेकूण फुगून तांबूस, टणक पिंपासारखा होतो. सुमारे दोन आठवड्यांनी पिंपाला भोक पाडून नवी माशी बाहेर पडते. अंडे फलित असेल तर मादी, नसेल तर नर. असा या कुळाचा नियम आहे.

आता आपले काम काय? पांढरे दिसले की आपण औषधाचा फवारा मारतो. मेणाच्या आवरणाखाली पुष्कळसे ढेकूण वाचतात. उघडी माशी मात्र मरते. म्हणजे चोर सुटला आणि पहारेकरी मेला! तेव्हा फवाऱ्यापूर्वी फांदी नीट पाहावी. तांबूस पिंपे दिसली, तर ती फांदी राहू द्यावी. बाकीचे ढेकूण पाण्याच्या जोरदार धारेने पाडावेत. ढेकणांच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात. त्यांची खोडावरची वाट अडवावी.

एवढा धीर धरला, तर उरलेले काम ती इवली माशी करील. तिला मजुरी नको, फक्त अभय हवे.