आमदार शहराच्या निवडणुकीला उभा राहतो : न्यूयॉर्कच्या अल् स्मिथची हकीकत
(गिरणी कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



निवडणूक नगरपालिकेची असो की महापालिकेची, एक उमेदवार हमखास पुढे येतो. तो म्हणजे माजी आमदार. काल विधानसभेत बसणारा माणूस आज आपल्या नळासाठी आणि गटारासाठी मत मागू लागला, की आपल्यातले निम्मे म्हणतात, "घसरला बघा खाली!" उरलेले निम्मे म्हणतात, "खायला मिळत असणार, त्याशिवाय येईल कशाला?" आम्ही म्हणतो, दोन्ही बोलणी तपासून घेऊ. पण त्यासाठी इथल्या कुणाचं नाव घेतलं, तर सभेचे दोन तट पडतील आणि मुद्दा राहील बाजूला. म्हणून आज आम्ही सातासमुद्रापलीकडचा माणूस घेतला आहे. तो कापडाच्या धंद्याशी, म्हणजे आपल्याशी, एका आगीमुळे जोडला गेला. त्याचं नाव अल्फ्रेड स्मिथ. लोक त्याला अल् म्हणत.

अल् स्मिथचा जन्म १८७३ सालचा, न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागातला. ही गरिबांची, परदेशातून पोटासाठी आलेल्यांची वस्ती. बाप गाडीवान. पोरगा शाळेत असतानाच बाप वारला आणि चौदाव्या वर्षाच्या सुमारास पोराची शाळा सुटली ती कायमची. पुढे तो फुल्टनच्या मासळीबाजारात लागला. पहाटे चारच्या सुमाराला हजेरी, आठवड्याला १२ डॉलर, आणि वर घरी न्यायला मासळी. मोठेपणी वकील आणि पदवीधर मंडळी आपापल्या पदव्या सांगू लागली, की हा सांगे, "माझी पदवी फुल्टन मासळीबाजाराची!"

अशा माणसाला उमेदवारी दिली कुणी? टॅमनी हॉलने. हे नाव नीट ऐकून ठेवा. डेमोक्रॅटिक पक्षाची न्यूयॉर्क शहरातली ही जुनी पेढी. थंडीत कोळसा देणार, पोराला नोकरी लावणार, पोलिसांनी धरलं तर सोडवून आणणार, आणि निवडणुकीला मत मागणार. एके काळी गिरणीच्या फाटकावर मुकादम बदलीवाल्याला आत घेई तेव्हा त्या मेहेरबानीचा मोबदला काय असे, ते ज्यांनी भोगलं त्यांना टॅमनी वेगळी समजावून सांगायला नको. १९०३ साली टॅमनीने अल् स्मिथला राज्याच्या विधानसभेवर पाठवले. राजधानी अल्बनी. हा तिथे जाऊन बसला, पण समोर आलेल्या विधेयकातले त्याला अक्षर कळेना. पहिली काही वर्षे तो पक्ष सांगेल तिकडे हात वर करी. पण पठ्ठ्या रात्री खोलीवर बसून विधेयके वाचत राहिला. कलम न् कलम वाचले. हळूहळू असे झाले की राज्याचा जमाखर्च त्याच्याइतका कुणाला ठाऊक नाही.

आता त्या आगीकडे येऊ. आम्हाला सांगायचं आहे ते मुख्यतः इथंच आहे.

२५ मार्च १९११, शनिवार. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात एका दहा मजली इमारतीच्या वरच्या तीन मजल्यांवर ट्रँगल नावाचा बायकांचे ब्लाउज शिवण्याचा कारखाना होता. कामाला बहुतेक तरुण पोरी, ज्यू आणि इटालियन. काम सुटायची वेळ झाली होती. आठव्या मजल्यावर चिंध्यांच्या ढिगाला आग लागली आणि बघता बघता वर चढली. नवव्या मजल्यावरच्या एका जिन्याच्या दाराला कुलूप होते. का? तर पोरी सुटताना एकाच वाटेने जाव्यात आणि त्यांच्या पिशव्यांची झडती घेता यावी. चिंधीची चोरी होऊ नये म्हणून! बाहेरचा लोखंडी जिना माणसांच्या भाराने कोसळला. अग्निशामक दलाची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोहोचली. पोरी खिडकीतून उड्या टाकू लागल्या, खाली रस्त्यावर लोक बघत उभे. अर्ध्या तासाच्या आत १४६ माणसे गेली. त्यांत १२३ बाया आणि मुली होत्या.

दीड वर्षापूर्वी, १९०९ सालच्या हिवाळ्यात, याच धंद्यातल्या वीस हजारांवर पोरींनी संप केला होता. त्या वेळी त्यांना झोडपणारे पोलीस कुणाच्या इशाऱ्यावर चालत होते? टॅमनीच्या! आणि याच आगीच्या आदल्या दिवशी, २४ मार्चला, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कामावर जखमी होणाऱ्या मजुराला भरपाई देणारा कायदा घटनाबाह्य ठरवला होता. मालकाच्या मालमत्तेवर घाला येतो म्हणे! पोरींच्या जिवाचं मात्र कुणाला काही वाटलं नाही. मालकांवर खटला झाला आणि डिसेंबरात ते सुटले. कुलपाची गोष्ट मालकांना माहीत होती, हे सिद्ध झाले नाही, म्हणून. त्यातल्या एका मालकाने १९१३ साली दुसऱ्या कारखान्यात पुन्हा दाराला कुलूप घातले. तेव्हा त्याला दंड झाला २० डॉलर.

आगीनंतर शहरात असा क्षोभ उसळला की टॅमनीलाही कूस बदलावी लागली. राज्याने कारखान्यांची चौकशी करायला आयोग नेमला. अध्यक्ष रॉबर्ट वॅग्नर, उपाध्यक्ष आपला अल् स्मिथ. दोघेही टॅमनीचेच. फ्रान्सिस पर्किन्स नावाची एक बाई या कामात होती. ती आग तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. तिने या आमदारांना कागदावर बसू दिले नाही. दोरखंडाच्या कारखान्यात रात्रभर दहा तास काम करून पहाटे बाहेर पडणाऱ्या बाया तिने स्मिथला दाखवल्या. भाजीपाला डब्यात भरणाऱ्या कारखान्यात न सांगता नेऊन पाच-सहा वर्षांची पोरं शेंगा सोलताना दाखवली. वॅग्नरसाहेबांना तर तिने भिंतीतल्या भोकातून सरपटत बर्फाने माखलेल्या शिडीवर जायला लावले. शिडी जमिनीपासून बारा फुटांवर संपलेली, आणि पाटी मात्र 'आगीतून सुटकेची वाट'!

आम्हाला इथे थोडं थांबावंसं वाटतं. गरिबांच्या वस्तीत जन्मलेल्या माणसालाही कारखान्याच्या आत काय चालतं ते दाखवून आणावं लागलं. आठ वर्षं विधानसभेत काढून झाली होती, तरीही!

पण पाहिल्यावर मात्र तो मागे हटला नाही. पुढच्या तीन वर्षांत तीसवर कायदे झाले. कामाच्या वेळी दार बंद ठेवायचे नाही, दारे बाहेरच्या बाजूला उघडली पाहिजेत, आगीची कवायत घेतलीच पाहिजे, उंच इमारतीत पाण्याचे फवारे हवेत, बाया आणि मुलांच्या कामाचे तास कमी करा, आठवड्याला एक दिवस सुटी द्या. भरपाईचा कायदाही घटना दुरुस्त करून पुन्हा आणला. सुटीच्या कायद्यातून डब्यांचे कारखाने वगळा, अशी मालकांची मागणी आली. स्मिथ सभागृहात उभा राहिला आणि म्हणाला, विश्रांतीचा दिवस पाळण्याची देवाची आज्ञा मी नीट वाचली आहे, डब्यांचे कारखाने वगळून असे त्यात कुठे लिहिलेले मला सापडले नाही. एवढे बोलून तो खाली बसला. आठवड्याची ही सुटी मुंबईच्या गिरणी कामगारांनी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने १८९० सालीच मिळवली होती, हे आमच्या माणसांनी विसरू नये. न्यूयॉर्कलाही ती मागून आली.

१९१३ साली अल् स्मिथ विधानसभेचा सभापती झाला. त्याच साली विल्यम सल्झर नावाच्या गव्हर्नरने टॅमनीचा नायक मर्फी याचे ऐकायचे नाकारले, तेव्हा त्याच्यावर महाभियोग चालवून त्याला घालवण्यात आले. हे काम ज्या सभागृहाने केले त्याच्या खुर्चीवर स्मिथ बसला होता. सल्झर धुतल्या तांदळासारखा नव्हता, पण त्याला काढलं ते कुणाचं ऐकलं नाही म्हणून, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. हा डाग आम्ही झाकत नाही.

आणि १९१५ साली, बारा वर्षांच्या आमदारकीनंतर, हा माणूस शहराच्या निवडणुकीला उभा राहिला. पद कसले? न्यूयॉर्क काउंटीचा शेरीफ! आपल्याकडे मुंबईचा शेरीफ म्हणजे मानाचा, समारंभात पुढे बसणारा. तिकडचा तसा नव्हता. दिवाणी कोर्टाचे हुकूम बजावणे, जप्त्या करणे ही त्याच्या कचेरीची कामे, आणि पगाराशिवाय वसुलीच्या फीमध्ये शेरीफचा वाटा. आमदाराला वर्षाला मिळत १,५०० डॉलर. घरात पाच पोरं. टॅमनीने आपल्या कामाच्या माणसाला भरल्या ताटावर बसवले, असा याचा सरळ अर्थ आहे. ज्यांना वाटतं की खायला मिळतं म्हणून आमदार खाली येतो, त्यांचं म्हणणं इथे खरं ठरलं. शेरीफकीच्या दोन वर्षांत त्याने कामगारासाठी काही केले असे नाही. जप्तीच्या कचेरीत बसून करणार तरी काय?

पण गोष्ट तिथे संपत नाही. १९१७ साली तो पुन्हा शहराच्याच निवडणुकीला उभा राहिला आणि नगरपित्यांच्या मंडळाचा अध्यक्ष झाला. महापौराच्या खालोखालचे पद. महापौर नसला की त्याच्या जागी बसायचे, शहराचा खर्च मंजूर करणाऱ्या मंडळावरही मत. इथे त्याला राज्याच्या कायद्याचे दुसरे टोक कळले. अल्बनीला कायदा करता येतो, पण तपासनीस नेमायला पैसे लागतात. आणि आता साऱ्या शहराने त्याला मत दिले होते. वर्षभरात, १९१८ साली, तो गव्हर्नरपदाला उभा राहिला आणि थोड्या मतांनी का होईना, जिंकला. म्हणजे 'घसरला' म्हणणारे चुकले. शहराचे पद त्याला पायरी ठरले.

गव्हर्नर झाल्याबरोबर त्याने त्या पर्किन्सबाईंना राज्याच्या औद्योगिक आयोगावर घेतले. १९२० साली विधानसभेने पाच समाजवादी आमदारांना, लोकांनी निवडून दिलेल्यांना, केवळ त्यांच्या मतांसाठी हाकलले. तेव्हा स्मिथ त्यांच्या पक्षाचा नसूनही या अन्यायाविरुद्ध बोलला. त्याच साली तो पडला. पण १९२२, १९२४ आणि १९२६ साली लागोपाठ निवडून आला. १९२८ साली राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला आणि सपाटून हरला. तो कॅथलिक आहे म्हणून गावोगाव विष पेरले गेले होते.

त्यानंतरचे सांगायला जड जाते. तो एम्पायर स्टेट इमारतीच्या कंपनीचा अध्यक्ष झाला, शेठ लोकांत उठू-बसू लागला. १९३३ साली पर्किन्सबाई देशाच्या मजूरमंत्री झाल्या. १९३५ साली वॅग्नरच्या नावाने कामगारांना युनियन करण्याचा हक्क देणारा कायदा झाला. आणि १९३६ च्या जानेवारीत आपला अल् स्मिथ बड्या भांडवलदारांच्या लिबर्टी लीगच्या मेजवानीत उभा राहून त्याच सरकारवर तुटून पडला. अशी हकीकत कशी घडते? मासळीबाजारातला माणूस इतका लांब कसा गेला? आमच्यापैकी काही म्हणतात, टॅमनीत शिकलेला माणूस शेवटी मोठ्यांच्याच पंगतीला जातो. काही म्हणतात, १९२८ चा पराभव आणि रूझवेल्टबद्दलचा मत्सर त्याला भोवला. आमच्यातच यावर एकमत नाही. तो १९४४ साली वारला. पण त्याने केलेले दारांचे कायदे काही तो शेठांच्या पंगतीला बसला म्हणून रद्द झाले नाहीत.

तेव्हा उद्या माजी आमदार दारात आला, तर आम्ही त्याला दोनच गोष्टी विचारणार आहोत. सभागृहात कामगाराच्या विधेयकावर तुमचा हात कुठल्या बाजूला वर झाला होता? आणि मागितलेल्या पदावर बसलात तर कारखान्यांच्या आणि इमारतींच्या तपासणीला महापालिकेतून पैसे किती काढाल? जिन्याचं दार कुठे बंद असतं ते आम्ही त्याला नेऊन दाखवू. पहाटे, न सांगता.

वेळ झाली. ज्यांना काही विचारायचं असेल त्यांनी पुढे यावं, मागच्यांना ऐकू येईल असं मोठ्यानं बोलावं.