झाडांची बारशी
(मंडळाच्या मंगळागौरीच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मला बोलायला उभे केले आहे खरे, पण माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. आजवर मंडळात मी बोलले ते लोणच्याच्या मिठाविषयी नि भिशीच्या हिशेबाविषयी. आज झाडांच्या नावांविषयी बोलणार आहे. हसू आले तर खुशाल हसा.

आमची धाकटी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकते. मी विळीवर भाजी चिरत असते आणि ती शेजारी बसून लॅटिन नावे घोकत असते. आधी वाटले, पोरगी कसले मंत्र म्हणते! मग तिनेच समजावले. स्वीडनच्या लिनियस नावाच्या विद्वानाने १७५३ साली मोठा ग्रंथ काढला आणि झाडांना दोन शब्दांची नावे देण्याची रीत पाडली. आधी घराण्याचे, मग त्याचे स्वतःचे. हजेरीपटात आडनाव आधी असते ना, तसे.

आपली लाजाळू म्हणजे मिमोसा पुडिका. पुडिका म्हणजे लाजरी. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणून आपण त्याला नावे ठेवतो. त्यांनी त्याला इम्पेशन्स, म्हणजे अधीर म्हटले. पिकलेल्या बोंडाला बोट लागायचा अवकाश, फटकन फुटून बिया उडतात! रस्त्याकडेचा जंगली बदाम फुलला की आपण नाकाला पदर लावतो, त्याचे नाव स्टर्क्युलिया फेटिडा. रोमन लोकांत खताचा म्हणून एक देव होता, त्याच्यावरून पहिला शब्द, आणि फेटिडा म्हणजे दुर्गंधी. एकदा सांगून भागले नाही, दोनदा सांगितले!

तुळशीला लिनियसने ऑसिमम सँक्टम, म्हणजे पवित्र, म्हटले होते. पण त्याआधी त्यानेच तिला टेन्युइफ्लोरम, म्हणजे बारीक फुलांची, हे नाव देऊन ठेवले होते, आणि शास्त्राचा नियम असा की आधीचे नाव खरे. पवित्र गेले, बारीक फुले राहिली. मला काही ते आवडले नाही. गोकर्णीचे नाव मात्र मी इथे उच्चारणार नाही. मुलीने अर्थ सांगितला तेव्हा माझ्या हातची चाळणी खाली पडली.

आता ज्यासाठी उभी राहिले ते सांगते. मी लग्न होऊन आले त्याच वर्षी घरात दोन चुली झाल्या. भांडण जुनेच, शेताच्या बांधाचे, पण पाऊल माझे नवे. सासूबाई मला कळलावी म्हणू लागल्या. मग वाड्यातली पोरेसुद्धा. पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुले घेऊन चढते ती वेल. घरात आणली की भांडणे लागतात म्हणतात. बाळंतिणीच्या कळांवरून ते नाव पडले असेही जाणती माणसे सांगतात, पण माझ्या कानांना कळ एकच ऐकू यायची. वीस वर्षे मी त्या फुलाकडे मान वर करून पाहिले नाही.

गेल्या श्रावणात मुलीने वाचले, ग्लोरिओसा सुपर्बा. वैभवशाली, दिमाखदार.

"हे कोणते गं?"

"आई, आपली कळलावी."

मी तिला पुन्हा वाचायला लावले. मग म्हटले, आणखी एकदा. भाजी तशीच राहिली.

एक सांगून ठेवते. ही वेल मुळापासून फुलापर्यंत विषारी आहे. तिचा कंद पोटात गेला तर माणूस दगावतो. कळा याव्यात म्हणून तो बाळंतिणीला देण्याची जुनी रीत कुणाकडे उरली असेल तर ती सोडा आणि दवाखाना गाठा.

त्याच संध्याकाळी मी सासूबाईंना ते नाव सांगितले. त्यांनी माळ खाली ठेवून विचारले, "वेल तीच ना?"

"तीच."

"आणि विष?"

"तेही तेच."

"मग झालं तर," म्हणाल्या आणि माळ पुढे ओढू लागल्या. पण दुसऱ्या दिवशी चहाला उशीर झाला तेव्हा आतून हाक आली, "अगं सुपर्बे, आज चहा मिळायचाय का?"

तुमचाही निवतोय, म्हणून इथेच थांबते.